जंजिरा म्हणजे नुसता किल्ला नव्हे

मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे आजच्या रायगड जिल्ह्यातले तीन तालुके १९४८ पर्यंत ना मुंबई इलाख्यात होते, ना कुलाबा जिल्ह्यात. ते जंजिरा संस्थानाचे तीन महाल होते. त्यांचा नवाब वेगळा, दरबार वेगळा, कायदा वेगळा. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं चमकतात. जंजिरा हा पाण्यातला किल्ला, एवढंच त्यांना ठाऊक असतं. आपले आजोबा-पणजोबा ज्या राज्याचे रयत होते त्याचं ते नाव, हे त्यांना घरी कोणी सांगितलेलं नसतं आणि पुस्तकातही सापडत नाही.

पुस्तकात सिद्दी येतो तो महाराजांच्या धड्यात, शत्रू म्हणून. चार ओळींत येतो, किल्ला न देता निघून जातो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलात तर तिथला गाईड कलाल बांगडी तोफ, एकोणीस बुरुज आणि दोन गोड्या पाण्याचे तलाव दाखवतो. तासाभरात होडी परत. मोबाईलवरचे व्हिडिओ तर सोडूनच द्या. त्यात एकाला सिद्दी म्हणजे राक्षस, दुसऱ्याला सिद्दी म्हणजे इस्लामचा शेर. या सगळ्यात राज्य कुठेच नाही. राज्य म्हणजे माणसं, शेतसारा, शाळा, रस्ता, कोर्ट-कचेरी. माझं म्हणणं एवढंच आहे की आम्ही कोकणी मुसलमान जो इतिहास आमचा नव्हता त्याचं ओझं वाहतो आहोत, आणि जो आमचा होता तो हातातून सोडून दिला आहे.

भाषेची शिक्षिका असल्यामुळे आधी शब्दांकडे बघते. जंजिरा म्हणजे अरबी जज़ीरा, बेट. सिद्दी हे सय्यदी या आदरार्थी शब्दाचं रूप मानतात. संस्थानाला लोक हबसाण म्हणत, म्हणजे हबशांचा मुलूख, आणि हबश म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा प्रदेश. तीन शब्द, तिन्ही अरबीतून आलेले, आणि तिन्ही इथल्या कोळ्याच्या, कुणब्याच्या, ब्राह्मणाच्या तोंडी इतके रुळले की कोणाला परके वाटले नाहीत.

किल्ल्याची सुरुवातही अरबी नाही. कोळ्यांचा म्होरक्या राम पाटील याने समुद्री लुटारूंपासून बचावासाठी त्या खडकावर मेढेकोट बांधला, म्हणजे लाकडी ओंडक्यांची तटबंदी, अशी जुनी हकीकत आहे. निजामशाहीच्या पिरमखानाने दारूच्या पिंपांची युक्ती करून तो घेतला, असं सांगतात. आजचा दगडी कोट १५६७ ते १५७१ च्या सुमाराला अहमदनगरच्या निजामशाहीत उभा राहिला. ‘अजिंक्य जंजिरा’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी राम पाटलाला एकदा विचारायला हवं होतं. त्याच्याकडून तर तो पहिल्याच फटक्यात गेला.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो आमच्या मुलांना कधी ना कधी विचारला जातोच. सहलीत, कॉलेजात, मुंबईच्या लोकलमध्ये. “तुम्ही श्रीवर्धनचे मुसलमान म्हणजे सिद्दीचे का?”

नाही. मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ साली, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमाराला चौलला आला होता. चौल मुरूडच्या उत्तरेला, आजही एसटीने तासाभराचा रस्ता. तिथे त्या वेळी दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यांत बाहेरून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला तिथल्या हिंदू राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. दगडी जंजिऱ्याच्या साडेसहाशे वर्षं आधीची ही गोष्ट. सिद्दी या किनाऱ्यावर आले तेव्हा आम्ही इथे होतो. नारळ-सुपारीच्या वाड्या शिंपत होतो, गलबतं हाकत होतो. सिद्दी आमचे राज्यकर्ते झाले, पूर्वज नव्हे.

पण एवढं बोलून हात झटकणंही मला पटत नाही. “ते हबशी, आम्ही कोकणी” या वाक्यात थोडा वर्णाचा गर्वही लपलेला असतो, आणि तो आपल्या घराघरांत लग्नाच्या गोष्टी निघाल्या की ऐकू येतो. हबशी माणसं या देशात आली त्यांत पुष्कळजण गुलाम म्हणून विकली गेलेली होती. मलिक अंबर स्वतः विकला गेला होता आणि पुढे त्याने अख्खी निजामशाही चालवली. जंजिऱ्याच्या सिद्दींमध्ये तर जुनी रीत अशी होती की सरदार मरण पावला म्हणजे गादी त्याच्या मुलालाच मिळेल असं नाही. सरदारांनी मिळून कर्तबगार माणूस निवडायचा. घराण्याच्या नावावर सगळं मिळण्याच्या त्या काळात हे विशेषच म्हणायला हवं.

दुसऱ्या बाजूचं खरंही झाकू नये. सिद्दींनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पकडून नेली, विकली. सिद्दी सातने १७२७ साली चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ उद्ध्वस्त केलं. हे घडलं आहे. मुसलमान लेखकाने ते लिहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, आणि न लिहिल्याने ते पुसलंही जात नाही. तसंच हेही घडलं आहे की महाराजांच्या आरमारातून जंजिऱ्यावर चालून जाणारा दौलतखान मुसलमान होता, आणि पन्हाळ्याला सिद्दी जौहरने वेढा घातला तेव्हा महाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलाल हा हबशीच होता. जंजिऱ्याचे सिद्दी निजामशाहीचे चाकर होते, मग आदिलशाहीचे झाले, १६७० नंतर मोगलांचे. त्याच मोगली आरमाराच्या जोरावर सिद्दी याकूतखानाने १६८९ साली मुंबईत इंग्रजांना वेढा घातला आणि माझगाव, शिवडी घेतली. धन्याची निवड धर्म बघून होत नव्हती. किनारा कोणाच्या हातात राहतो हे बघून होत होती.

आणि आता श्रीवर्धन. बाहेरगावी गावाचं नाव सांगितलं की लोक दोनच गोष्टी काढतात. एक पेशवे, दुसरी १९९३ साली शेखाडीला उतरलेलं आरडीएक्स. माझ्यासारखं नाव असेल तर दुसरी आधी. मधल्या शेकडो वर्षांबद्दल कोणी विचारत नाही. वास्तविक पेशव्यांची गोष्टच हबसाण समजल्याशिवाय पुरी होत नाही.

बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे. भटांकडे दंडा-राजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी पिढीजात होती. म्हणजे सिद्दीच्या मुलखातला वसूल गोळा करण्याचं काम याच घराण्याकडे होतं. आंग्र्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीची मर्जी फिरली. बाळाजींचा भाऊ जानोजी याला पोत्यात घालून समुद्रात बुडवलं अशी हकीकत सांगतात. बाळाजी वेळासच्या भानूंच्या साथीने घाटावर गेले आणि १७१३ साली छत्रपती शाहूंचे पेशवे झाले. असंच दुसरं घर चिटणीसांचं. बाळाजी आवजी चिटणीस यांचे वडील आबाजी हरी चित्रे जंजिऱ्याच्याच चाकरीत होते. सिद्दीने त्यांना मारलं, बायको-मुलांना विकायला पाठवलं, आणि पुढे तो मुलगा शिवाजी महाराजांचा चिटणीस झाला, असं बखरी सांगतात. पेशवाई आणि चिटणिशी, मराठी राज्याची ही दोन्ही घराणी हबसाणच्या कचेरीतून गेली. सिद्दीने आपली चांगली माणसं स्वतःच्या हाताने शत्रूकडे घालवली. जुलमाचा व्यावहारिक तोटा शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पुढची गोष्ट आणखी गंमतीची. बाळाजींचा मुलगा बाजीराव १७३३ साली जंजिऱ्यावर चालून आला. रायगड तेव्हा सिद्दींकडे होता, मराठ्यांनी तो त्याच वर्षी परत घेतला. १७३६ साली चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. तह झाला, मुलखाची वाटणी झाली. पण किल्ला राहिला. पेशव्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, दिल्लीच्या तख्तावर कोण बसेल हे पुण्यात ठरू लागलं, आणि ज्या गावात बाळाजी जन्मले ते श्रीवर्धन मात्र पेशवाई बुडाल्यावरही जंजिऱ्याच्या नवाबाकडेच होतं. पेशव्यांच्या मूळ गावाने पेशवाईपेक्षा नवाबी जास्त काळ पाहिली. आमच्या गावात पेशव्यांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. फक्त त्याच्याजवळ उभं राहून मुलांना हे वाक्यही सांगायला हवं.

१७९१ साली तर पेशव्यांना जंजिरा कागदावर मिळालाही होता. गादीचा एक वारस, बाळू मियाँ, भाऊबंदकीत हरून पुण्याला आला. त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. तेच पुढे सचिन संस्थान झालं. बाळू मियाँला राज्य मिळालं, नवाबी मिळाली. पेशव्यांना कागद मिळाला. प्रत्यक्ष जंजिऱ्यात बसलेल्या सिद्दीने तो कागद मानलाच नाही.

एकोणिसाव्या शतकापासून या राज्याची गोष्ट लढायांची राहत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. मला मात्र खरी गोष्ट तिथूनच सुरू होते असं वाटतं. १८७० साली इंग्रजांनी संस्थान आपल्या थेट देखरेखीखाली घेतलं. क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल, १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८५,४१४. शिवाय काठेवाडात जाफराबाद नावाचा छोटा मुलूख, त्यात बारा हजारांवर माणसं. तो आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे. नवाबाला अकरा तोफांची सलामी. जमेची मोठी बाजू म्हणजे जंगल. मुंबईच्या चुली पेटत त्या हबसाणच्या जळाऊ लाकडावर. आणि मुंबईच्या जहाजांवर जे खलाशी चढत, त्यांत हबसाणचे पुष्कळ असत. आज आपण “पोरगा शिपवर आहे” म्हणतो, त्या वाक्याचं वय सव्वाशे वर्षांच्या वर आहे. गल्फ नंतरची गोष्ट. नवाबाची शिकारीची राखीव रानं होती, त्यातलंच फणसाड १९८६ साली अभयारण्य झालं. रायगडच्या किनाऱ्यावर आज शेकरू दिसते ती तिथे, कारण तिथे एका माणसाने बाकीच्यांना कुऱ्हाड लावू दिली नाही. हे नवाबाचं कौतुक म्हणून लिहीत नाही. त्या रानात लाकूडफाट्याला गेलेल्या कातकरी बाईला तो कायदा कसा वाटला असेल, हे कुठल्याच दरबारी कागदात मिळणार नाही.

श्रीवर्धन तेव्हा सुपारीवर जगत होतं. जुन्या युरोपी प्रवाशांच्या लिखाणात गावाचं नाव ‘झिफर्दन’ असं येतं, म्हणजे बंदर त्यांच्या ओळखीचं होतं. इथली सुपारी मुंबईत वरच्या भावाने जाई. श्रीवर्धनी रोठा हे नाव आजही बाजारात चालतं. जीवनेश्वराची जत्रा तेव्हाही भरत असे. संस्थान मुसलमानाचं, देव हिंदूंचा, वाड्या दोघांच्या, आणि सुपारी विकत घेणारा मुंबईचा व्यापारी तिसराच. छोट्या राज्याचा कारभार असाच असतो.

मुरूड ही राजधानीही अशीच छोटी. गावाबाहेर अलिबागच्या रस्त्याला नवाबाचा अहमदगंज राजवाडा. तिथल्या हायस्कूलच्या नावातली ‘सर एस. ए.’ ही अक्षरं म्हणजे नवाब सर सिद्दी अहमद खान, १८७९ ते १९२२. मुलं रोज ती अक्षरं वाचत शाळेत जातात आणि ती कोणाची हे विचारत नाहीत. या नवाबाची बेगम नाझली ही मुंबईच्या फैजी घराण्यातली, अतिया फैजीची बहीण. ती १९०८ साली युरोपला गेली आणि त्या प्रवासावर तिने उर्दूत ‘सैर-ए-युरोप’ हे पुस्तक लिहिलं. विचार करा, १९०८ साली जंजिऱ्याची एक बाई परदेश बघते आणि उर्दूत लिहून ठेवते. उर्दू शाळेतल्या माझ्या मुलींना इस्मत चुगताई माहीत असते, नाझली बेगम नसते. तिचं सासर वीस-पंचवीस मैलांवर असूनही. सर अहमद खान १९२२ साली वारले तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून त्याची आई कुलसुम बेगम हिने १९३३ पर्यंत कारभार पाहिला. म्हणजे तब्बल अकरा वर्षं श्रीवर्धनवर एका बाईचं राज्य होतं. आमच्या समाजात बाईने मोहल्ला कमिटीत बसावं की नाही यावर अजून वाद होतात, म्हणून हे जरा ठळक सांगते.

शेवटही मोठ्या लढाईचा नाही. देश स्वतंत्र झाला, हैदराबादचं काय होणार याची चर्चा देशभर, आणि इथे १९४८ च्या सुरुवातीला महाडकडच्या तरुणांनी लोकसेना उभारून संस्थानात शिरकाव केला. त्यांत पुढे केंद्रीय मंत्री झालेले मोहन धारिया होते. नवाबाने विलीनीकरणाला मान्यता दिली. तीन महालांचे तीन तालुके झाले. त्याच म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले श्रीवर्धनचे आमदार झाले, १९८० साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव त्यांनी रायगड केलं. “तुम्ही सिद्दीचे का” असं विचारणाऱ्याला मी हल्ली एवढंच सांगते, की ज्या जिल्ह्याचं नाव तुम्ही पत्त्यावर लिहिता ते एका कोकणी मुसलमानाने दिलेलं आहे, चहा घेणार का?

पण उत्तरं देत बसणं हे काम नव्हे. काम दुसरंच आहे आणि ते घाईचं आहे. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे तीन घुमट आहेत. त्यांवरचा मजकूर निदान अक्षरं लावून वाचता येईल असे लोक आज उर्दू शाळांतच उरले आहेत. उलट जमिनीचे, वाड्यांचे, वसुलाचे जुने कागद मोडीत आहेत, आणि मोडी शिकण्याकडे कल आहे तो मराठी शाळांतल्या एखाद्या हौशी गुरुजींचा. म्हणजे एकाच राज्याचं अर्धं दप्तर आमच्या बाकावर, अर्धं शेजारच्या. दोन्ही शाळा बहुतेक गावांत हाकेच्या अंतरावर आहेत. मुलं संध्याकाळी एकाच मैदानात क्रिकेट खेळतात. त्यांच्या शिक्षकांनी महिन्यातून एक रविवार एकत्र बसायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि कागद आहेत कुठे? दरबाराचे असतील सरकारी दप्तरखान्यात, त्यांची काळजी सरकार घेईल. रयतेचे आहेत आपल्या माळ्यावर. पत्र्याच्या पेटीत, आजीच्या निकाहनाम्याखाली, जुन्या रेशनकार्डाबरोबर. सुपारीची वाडी कोणी कोणाला किती रुपयांना गहाण दिली, खलाशी नातू कुठल्या जहाजावर गेला, विहिरीचं पाणी शेजारच्या ब्राह्मणाच्या वाडीला कुठल्या वारी द्यायचं ठरलं. तीन जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात दुपारभरात कौलं उडाली, सुपारीची झाडं काडीसारखी मोडली, आणि घरात जे होतं ते भिजलं. त्या पावसात कुठल्या पेट्यांत काय विरघळलं याचा पंचनामा झाला नाही, होणारही नव्हता. जी घरं वाचली त्यांतली बरीच आता विकली जात आहेत. मुलं कुवेतला, कतारला, नाहीतर मीरा रोडला. जुनं घर पाडून तिथे लॉज बांधणारा मजूर लावतो, आणि मजुराला पिवळा कागद म्हणजे शेकोटी.

म्हणून घर विकायला काढलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. सह्या करण्याआधी माळ्यावर चढा. मोडी वाचता येत नसली तरी चालेल, फोनवर फोटो काढा. दोन्ही बाजूंचे काढा, कारण मागच्या बाजूला बहुतेक वेळा साक्षीदारांची नावं असतात, आणि त्या नावांत आपल्या मोहल्ल्याबाहेरची नावं हमखास सापडतात. कागद सपाट ठेवा, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, त्याने दमट हवेत बुरशी धरते. फोटो कोणाला पाठवायचे कळत नसेल तर जवळच्या शाळेतल्या मास्तरांना किंवा बाईंना पाठवा, उर्दू असो की मराठी. मृगाला अजून अवकाश आहे, तोवर पेटी एकदा उन्हात उघडून ठेवा.